मधली पट्टी

"अरे, ती मधली पट्टी परत डावीकडे गेलीय रे."

जवळजवळ दीड महिना रोज सकाळी सव्वादहाला मला हा फोन यायचा. फोन करणाऱ्या काकू सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयात मुद्रितशोधनाचं काम करतात. वाचनालयाकडे १९३० च्या दशकातल्या मासिकांचे बांधीव खंड आहेत, कागद इतका कुरकुरीत झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो, म्हणून सगळं स्कॅन करून युनिकोडमध्ये आणायचं चाललंय आणि त्यासाठी लागणारं छोटं सॉफ्टवेअर मी लिहून दिलंय. खिडकीत डावीकडे पानाचा स्कॅन, उजवीकडे ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने) काढलेला मजकूर, मजकुराच्या खाली संशयास्पद शब्दांची यादी. मधे ओढता येणारी उभी पट्टी, उजव्या भागात अजून एक आडवी. बस्स एवढंच.

तर काकूंचं काम कसं चालतं ते आधी सांगतो, कारण ते मी त्यांच्या शेजारी बसून बघितलं तेव्हाच मला हा प्रश्न कळला, त्याआधी मी त्याला किरकोळ समजत होतो. त्या डावीकडची एक ओळ वाचतात, मग नजर उजवीकडे नेतात, तीच ओळ परत वाचतात. ओसीआर ष चा प करतो, पुसट रफार खातो, अनुस्वार कागदावरच्या डागातून नवीन बनवतो. म्हणजे एका ओळीला नजर दोनदा तीनदा इकडून तिकडे जाते आणि दिवसाला अशी चाळीस पन्नास पानं. त्यांनी पट्टी अशा जागी लावलेली असते की स्कॅनमधली अक्षरं चष्म्याच्या खालच्या भागातून नीट दिसतील एवढी मोठी होतात आणि उजवीकडची ओळ छापील ओळीच्याच जागी मोडते. ती जागा सापडायला त्यांना आठवडा लागला होता. पट्टी चार बोटं सरकली की उजवीकडच्या ओळी भलतीकडे मोडतात, नजरेला ओळ सापडत नाही आणि दुपारपर्यंत मान धरते. त्या तक्रार म्हणून फोन करत नव्हत्या, मला कळावं म्हणून करत होत्या, आणि मी दर वेळी "काकू, ओढून घ्या ना परत" म्हणत होतो. ते चुकलं.

सॉफ्टवेअर जावा स्विंगमध्ये आहे, म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेत, खिडक्या आणि बटणं बनवायचा तिचा स्विंग नावाचा संच वापरून. वाचनालयात दोन जुनी विंडोज मशीन आणि एक उबुंटू, इन्स्टॉल वगैरे करायला कुणी नाही, पेनड्राइव्हवरून एक जार फाइल कॉपी केली की चालली पाहिजे, म्हणून स्विंग. आजही मी तेच निवडलं असतं. स्विंगमध्ये या कामासाठी जेस्प्लिटपेन नावाचा तयार घटक आहे, दोन्ही बाजूला दोन कंपोनंट द्या, मधली पट्टी तो सांभाळतो. वरवर बघता याच्यात चुकण्यासारखं काही नाहीच.

पहिली चूक सगळेच करतात ती. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे खिडकी बनवणाऱ्या कोडमध्ये, पट्टीची जागा ठरवणाऱ्या सेटडिव्हायडरलोकेशन या मेथडला ०.५५ दिलं, म्हणजे पंचावन्न टक्के डावीकडे, आणि चालवलं तर पट्टी भलतीकडेच. या मेथडचे दोन प्रकार आहेत, एकाला पूर्णांक म्हणजे पिक्सेल द्यायचे, दुसऱ्याला ० ते १ मधलं गुणोत्तर. गुणोत्तरवाला प्रकार त्या क्षणी असलेल्या रुंदीला गुणतो आणि मोकळा होतो, ते गुणोत्तर कुठेही लक्षात ठेवत नाही. कन्स्ट्रक्टर चालू असताना खिडकी पडद्यावर आलेलीच नसते, रुंदी शून्य, शून्याचे पंचावन्न टक्के शून्य. हे कागदपत्रात स्वच्छ लिहिलेलं आहे, घटक पडद्यावर नसेल तर या मेथडचा काही परिणाम होणार नाही म्हणून. मला खटकतं ते एवढंच की तो गप्प राहतो. एक्सेप्शन (चूक झाल्याची ओरड) नाही, कन्सोलवर ओळ नाही, काही नाही. नवीन पोरं दोन दोन दिवस याच्यात घालवतात, मी बघितलंय.

मग यावर नेटवर जो उपाय सगळीकडे मिळतो तो केला, खिडकी दाखवून झाल्यावर इन्व्होकलेटरमध्ये (हातातली कामं संपली की हे कर असं सांगायची सोय) टाकून पट्टी लावायची. माझ्या मशीनवर एकदम बरोबर चाललं आणि मी जार पाठवून दिली. फोन सुरू झाले ते इथून.

आता बघा काय होत होतं. काकूंचा पडदा १३६६ बाय ७६८. सॉफ्टवेअर उघडताना खिडकी आधी १००० रुंदीची बनते आणि मग मॅक्सिमाइज होते, कारण बंद करताना ती मॅक्सिमाइज होती हे मी साठवलेलं होतं. माझा इन्व्होकलेटर या दोन्हीच्या मधे चालायचा. पट्टी १००० च्या पंचावन्न टक्क्यांवर म्हणजे ५५० वर बसायची, मग खिडकी १३६६ ची व्हायची. जेस्प्लिटपेनला रिसाइज वेट म्हणून एक सेटिंग असतं, वाढीव जागेतली किती डाव्या भागाला द्यायची ते ठरवणारं, आणि ते मुळात ० असतं. म्हणजे सगळी वाढीव जागा उजवीकडे, डावा भाग ५५० चा ५५० च. ५५० भागिले १३६६ म्हणजे चाळीस टक्के. काकू पट्टी ओढून परत पंचावन्नवर आणायच्या, संध्याकाळी बंद करताना मी ०.५५ साठवायचो, सकाळी परत चाळीस. रोज नेमकं एवढंच सरकायचं.

पण त्यांनी ओढली नाही तर? काकू चार दिवस गावाला गेल्या होत्या तेव्हा एका मुलाने नुसतं फाइल बघायला म्हणून सॉफ्टवेअर तीनदा उघडून बंद केलं. पहिल्यांदा पट्टी चाळीसवर आली आणि बंद करताना मी इमानदारीत ०.४० साठवलं. दुसऱ्यांदा १००० चे चाळीस टक्के म्हणजे ४०० च्या आसपास, मग मॅक्सिमाइज, साडेएकोणतीस टक्के. तिसऱ्यांदा साडेएकवीस. काकू परत आल्या तेव्हा स्कॅनची एक चिंचोळी पट्टी उरली होती आणि त्यांना वाटलं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. सॉफ्टवेअरची चूक माणसाने स्वतःवर घ्यावी याच्यासारखी खराब गोष्ट नाही.

याच्याही आधी, अगदी पहिल्या आवृत्तीत मी गुणोत्तर न साठवता सरळ पिक्सेल साठवत होतो, त्याचाही किस्सा आहे. वाचनालयाच्या एका कामासाठी १९२० रुंदीचा नवीन लॅपटॉप आला, त्यावर विंडोजचं स्केलिंग १५० टक्के. जावा ८ मध्ये सगळं खऱ्या पिक्सेलमध्ये मोजलं जायचं, पट्टी ९०० वर होती, म्हणजे सत्तेचाळीस टक्के. अक्षरं बारीक दिसतात म्हणून मी जावा ११ टाकलं. जावा ९ पासून स्विंग विंडोजचं स्केलिंग पाळायला लागलं, त्यामुळे प्रोग्रामच्या लेखी तोच पडदा आता १९२० भागिले १.५ म्हणजे १२८० रुंदीचा. साठवलेला आकडा तोच, ९००. सत्तेचाळीस टक्क्यांची पट्टी एका रात्रीत सत्तर टक्क्यांवर. तेव्हापासून पिक्सेल साठवायचे नाहीत हे पक्कं झालं, आणि मला वाटलं गुणोत्तर साठवलं म्हणजे प्रश्न सुटला. नाही सुटला, वर सांगितलंच.

तर मग रिसाइज वेट ०.५५ करून बघितलं. तर्क असा की खिडकी वाढली की वाढीव जागेचे पण पंचावन्न टक्के डावीकडे जातील, गुणोत्तर आपोआप टिकेल. मॅक्सिमाइजच्या बाबतीत टिकलं. सकाळचा फोन आठवडाभर आला नाही. आणि मग एक दिवस आला, "आज थोडीशीच सरकलीय, पण सरकलीय."

हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. काकूंना मधेमधे शब्दकोश बघायला लागतो, तेव्हा त्या खिडकी लहान करून शेजारी ब्राउझर उघडतात आणि खिडकीची कड माउसने हळूहळू ओढून जागा जुळवतात. मी लॉग लावला, प्रत्येक लेआउटला (घटकांच्या जागा नव्याने मांडल्या जातात तेव्हा) रुंदी किती आणि पट्टी कुठे ते फाइलमध्ये लिहायचं, आणि घरी खिडकीची कड अगदी सावकाश ओढून बघितली. रुंदी १००० वरून १००१, १००२, १००३ अशी वाढत गेली आणि पट्टी जागची हलली नाही. शंभर पिक्सेल वाढवले तरी डावा भाग तेवढाच. नंतर तेच एका झटक्यात ओढलं तर पट्टी वाढीच्या बरोबर पंचावन्न टक्क्यांनी सरकली.

कारण आत जो हिशोब होतो तो दर लेआउटला आलेल्या फरकावर होतो. फरक गुणिले वेट, आणि त्याचा पूर्णांक करताना दशांश कापून टाकतात, जवळच्या आकड्याला नेत नाहीत. फरक १ असेल तर ०.५५, कापला की ०. फरक २ असेल तर १.१, म्हणजे १. फरक ३ तर १.६५, परत १. प्रत्येक बारीक हालचालीत डाव्या भागाचा हक्काचा अर्धा पाऊण पिक्सेल उजवीकडे जातो, आणि मागच्या वेळचं किती देणं राहिलं याची नोंद कुठेच नाही. हळू वाढवलं आणि हळूच कमी केलं तर दोन्हीकडचं साधारण फिटतं, पण काकू हळूहळू वाढवायच्या आणि मॅक्सिमाइजचं बटण दाबायच्या, परत एका क्लिकमध्ये लहान करायच्या. एक बाजू थेंबाथेंबाने, दुसरी एकदम. त्यात दिवसाला दहा वीस पिक्सेल गळायचे. वाण्याने दर वेळी सुटे पैसे परत द्यायचे राहू दिले आणि महिन्याच्या शेवटी हिशोब जुळला नाही, तसं.

यावरून माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली आणि पुढचा सगळा कोड त्यावर उभा आहे. पट्टीची जागा म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबतोय. काकूंना पट्टी कुठे हवीय ही एक. आत्ता या रुंदीत ती कुठे बसलीय ही दुसरी. पहिली फक्त काकूंच्या हाताने बदलली पाहिजे. दुसरी लेआउट पाहिजे तेवढ्या वेळा बदलू दे, पण त्याने पहिलीला हात लावायचा नाही. माझा कोड बंद करताना दुसरी वाचत होता आणि पहिली म्हणून साठवत होता, सगळा घोटाळा तिथे.

म्हणून मग जेस्प्लिटपेनचा स्वतःचा सबक्लास (त्याच्यावरच आधारलेला, पण काही वागणं बदललेला प्रकार) केला. त्यात गुणोत्तर दशांशात ठेवलेलं, त्याचं नावच मी हवंयगुणोत्तर ठेवलंय. मांडणी करणारी डूलेआउट ही मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे तिच्या जागी माझी लिहिली, रुंदी शून्यापेक्षा जास्त असेल आणि मागच्या वेळेपेक्षा बदललेली असेल तर त्या गुणोत्तराने पट्टीची जागा नव्याने काढायची, दशांश न कापता जवळच्या पूर्णांकाला न्यायची, आणि मग मूळ डूलेआउट बोलवायचं. फरकावर हिशोब नाहीच, दर वेळी मुळापासून. त्यामुळे गळती व्हायला जागाच राहत नाही. आणि खिडकी दिसण्याआधीच पट्टी जागेवर असते, इन्व्होकलेटरच्या वेळी आधी चुकीच्या जागी दिसून मग टुणकन उडी मारायची ते पण गेलं. रुंदी बदलली का हे तपासणं विसरू नका मात्र, कारण पट्टी हलवली की घटक परत लेआउट मागतो, तपासलं नाही तर स्वतःचीच शेपूट धरून गोल फिरत बसतो.

राहिला प्रश्न हात कुणाचा हे ओळखायचा. पट्टी हलली की डिव्हायडरलोकेशन या नावाने प्रॉपर्टी चेंजचा इव्हेंट (बदल झाल्याची सूचना) येतो, पण तो काकूंनी ओढली तरी येतो आणि लेआउटने हलवली तरी येतो, कोणी हलवली ते त्यात नाही. आधी मी पट्टीवरच माउस लिसनर (माउसचं काय चाललंय ते ऐकणारा कोड) लावला, जेस्प्लिटपेन पडद्यावर दाखवणाऱ्या बेसिकस्प्लिटपेनयूआयकडून पट्टीचा घटक मागून घेता येतो, त्यावर माउस सोडला की समजायचं हाताने हलवली. बरं चाललं. पण उबुंटूच्या मशीनवर बसणारे एक काका माउस फारसा वापरतच नाहीत, आणि मला तोपर्यंत हे लक्षात नव्हतं की स्विंगमध्ये एफ८ दाबलं की फोकस पट्टीवर जातो आणि बाणांच्या कळांनी ती हलते. त्यांनी कळांनी लावलेली जागा कधी साठवलीच जात नव्हती. शिवाय वन टच एक्सपांडेबल चालू केलं की पट्टीवर दोन छोटे बाण येतात, ते बटण म्हणून वेगळे घटक असतात, त्यांचा क्लिक माझ्या लिसनरला दिसत नव्हता. आणि लुक अँड फील (खिडकीचं रूपडं) बदललं की यूआय नवीन बनतो, पट्टी नवीन बनते, माझा लिसनर जुन्या पट्टीबरोबर गायब.

मग उलटं केलं. हात ओळखायच्या मागे न लागता स्वतःला ओळखायचं. डूलेआउटमध्ये शिरताना एक झेंडा वर करायचा, बाहेर पडताना खाली. झेंडा वर असताना आलेला बदल माझा, तो दुर्लक्षित. झेंडा खाली असताना, खिडकी पडद्यावर असताना आणि रुंदी शेवटच्या लेआउटइतकीच असताना बदल आला तर तो माणसाचा, मग माउस असो, कळ असो, छोटा बाण असो. तेवढ्याच वेळी गुणोत्तर बदलायचं. छोट्या बाणाने भाग पूर्ण मिटला तर गुणोत्तराला हात न लावता मिटलाय एवढंच वेगळं नोंदवायचं, नाहीतर परत उघडल्यावर कुठे उघडायचं ते हरवतं. वीस पंचवीस ओळींचा कोड आहे सगळा.

खिडकी अगदी अरुंद झाली तर दोन्ही भागांना किमान रुंदी देता देता गुणोत्तर मोडतंच, तेव्हा पट्टी जमेल तिथे बसवायची पण हवंयगुणोत्तर तसंच. खिडकी परत मोठी झाली की पट्टी आपल्या घरी. काकूंना हे इतकं नैसर्गिक वाटलं की त्यांच्या लक्षातही आलं नाही.

किमान रुंदीवरून आठवलं, मधे एक फोन "पट्टी घट्ट झालीय" असा आला होता. डावीकडे ओढली की एका जागी अडून बसायची. स्कॅनच्या वर मी एक लेबल ठेवलं होतं, खंड, अंक, पान आणि फाइलचं पूर्ण नाव दाखवणारं. जेलेबलची किमान रुंदी म्हणजे त्यातला अख्खा मजकूर मावेल एवढी रुंदी, आणि जेस्प्लिटपेन पट्टी ओढताना दोन्ही बाजूंची किमान रुंदी पाळतो. फाइलचं नाव लांब असलेल्या खंडात पट्टी लवकर अडायची, छोट्या नावाच्या खंडात अडायची नाही, म्हणून काकूंना वाटायचं कधी घट्ट कधी सैल. लेबलची किमान रुंदी शून्य केली, जागा कमी पडली की ते आपोआप शेवटी तीन टिंबं दाखवतं. एका ओळीचा उपाय. तुमची पट्टी कुठे अडत असेल तर आधी दोन्ही बाजूंना आत कुठे लेबल किंवा टूलबार बसलाय ते बघा, दहातल्या आठ वेळा तिथेच सापडेल.

आणि एक थरथरण्याचा बग, तो पट्टीचा नव्हता पण पट्टीमुळे दिसायचा. स्कॅन रुंदीला फिट करायचा मोड आहे. एका खंडात दोन पानं एकत्र स्कॅन केलेली, उंची रुंदीपेक्षा जराशी कमी. पट्टी काकूंच्या जागेवर असताना डावा भाग ७५१ रुंद, त्या रुंदीला चित्राची उंची ६४५ यायची, दिसायला जागा ६४० ची. पाच पिक्सेल जास्त, म्हणून उभा स्क्रोलबार आला. त्याने साधारण १७ पिक्सेल खाल्ले, रुंदी उरली ७३४, त्या रुंदीला उंची ६३०. आता मावतंय, स्क्रोलबार गेला. रुंदी परत ७५१, उंची ६४५, स्क्रोलबार आला. पान अक्षरशः थरथरत होतं आणि प्रोसेसरचा पंखा ओरडत होता. पट्टी दोन बोटं इकडे तिकडे केली की थांबायचं. चलाख उपाय दोन तीन करून बघितले, शेवटी उभा स्क्रोलबार कायम दिसेल असं सेटिंग लावलं आणि विषय संपवला. जिथे जागा ठरवणारी गोष्ट स्वतःच जागा खाते तिथे तिला पक्की जागा देऊन टाकावी, सतरा पिक्सेल गेले तर गेले.

ओढतानाच्या वेगाचं थोडक्यात. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) एक ए४ पान म्हणजे २४८० बाय ३५०८, सुमारे ८७ लाख पिक्सेल, पट्टीच्या प्रत्येक हालचालीला ते नव्याने लहान करायचं म्हणजे जुनं मशीन गुडघे टेकतं. ओढत असताना चित्र ओबडधोबड पद्धतीने काढायचं आणि हात थांबून दीडशे मिलिसेकंद झाले की नीट काढायचं, स्विंगच्या टायमरला दर हालचालीला रीस्टार्ट मारलं की झालं.

हे सगळं स्विंगचंच दुखणं आहे असं वाटू नये म्हणून सांगतो, मी खिडक्या बनवायच्या इतर संचांतही काम केलंय आणि मूळ तेच आहे, पडद्यावर येईपर्यंत रुंदी खरी नसते. विनफॉर्म्सचा स्प्लिटकंटेनर जन्मतः १५० रुंद असतो आणि दोन्ही पॅनलची किमान रुंदी २५. खरी रुंदी मिळायच्या आत तुम्ही दुसऱ्या पॅनलची किमान रुंदी ३०० केलीत तर तो सरळ एक्सेप्शन फेकतो. लोक वैतागतात त्याच्यावर, मला मात्र तो बरा वाटतो, निदान ओरडतो तरी. आधी आकार, मग पट्टी, मग किमान रुंदी हा क्रम पाळायचा. क्यूटीच्या क्यूस्प्लिटरमध्ये सेव्हस्टेट आणि रिस्टोरस्टेट तयार मिळतं, चांगलं आहे, पण तिथे लपवलेल्या भागाची साइज ० येते, त्यामुळे भाग लपवलेला असताना साइजेस वाचून स्वतः साठवल्या तर तोच घोळ. शिवाय मूळ सेटिंगमध्ये भाग ओढत ओढत पूर्ण मिटवता येतो आणि वापरणाऱ्याला वाटतं काहीतरी डिलीट झालं, म्हणून चिल्ड्रनकोलॅप्सिबल मी पहिल्या दिवशीच बंद करतो. टीकेइंटरमध्ये सॅशपॉस (पट्टीची जागा) द्यायच्या आधी अपडेटआयडलटास्क्स (राहिलेली मांडणी उरकून घ्यायची सूचना) बोलवा. डब्ल्यूएक्समध्ये किमान साइज ० ठेवली तर पट्टीवर डबल क्लिक केल्यावर एक भागच निघून जातो, तिथे निदान २० तरी द्या.

एकात एक स्प्लिटर असतील तर बाहेरचा आधी, आतला नंतर. माझ्या डूलेआउटच्या पद्धतीत हे आपोआप होतं, कारण बाहेरच्याची वाटणी झाल्याशिवाय आतल्याला आकारच मिळत नाही आणि आकार मिळाल्याशिवाय तो काही करत नाही. इन्व्होकलेटरच्या काळात हा क्रम मी हाताने सांभाळत होतो, एका आत एक तीन तीन इन्व्होकलेटर, तो कोड काढून टाकताना फार हलकं वाटलं.

नवीन जार दिली त्याला आता चार महिने झाले. सकाळचा फोन बंद झाला. मागच्या आठवड्यात काकूंचा आला, पण वेगळा. "पट्टी जागेवर असते रे, पण या खंडाला ती जागा चालत नाही." विचारलं तर म्हणाल्या, आधीच्या खंडांत पानभर एकच रकाना होता, या मासिकाने मधे एका वर्षापासून दोन रकाने केलेत, ओळी अर्ध्या झाल्यात, स्कॅन मोठा लागतो आणि उजवीकडे फार जागा नको. त्या अंकाला बासष्ट टक्के बरं पडतं असं त्यांनी स्वतः मोजून सांगितलं, स्क्रीनला मोजपट्टी लावून.

तर आता हवंयगुणोत्तर सगळ्या सॉफ्टवेअरला एक न ठेवता खंडागणिक वेगळं साठवतोय. नवीन खंड उघडला की आधीच्या खंडाचं घ्यायचं, काकूंनी हलवलं की त्या खंडाचं म्हणून नोंदवायचं. झेंड्याचा कोड आहे तसाच राहिला, फक्त साठवायच्या किल्लीत खंडाचा नंबर आला. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन जातोय.